नामफळी

महापालिकेच्या जिन्यात सागवानी फळी आहे,
तिच्यावर महापौरांची नावं.
वरची पाच आमच्या वस्तादांनी काढलेली, बोटभर उंच.
तेव्हा महापौर वर्षभर टिकायचा.
पुढं पक्षानं वर्षाचे तुकडे पाडले,
कुणाला सहा महिने, कुणाला चार,
एकाला तर गणपती ते दिवाळी.
रंग वाळायच्या आत शिपायाचा फोन यायचा,
"पेंटर, डबा घेऊन या. बदललं."
अक्षरं बारीक होत गेली.
मी चष्मा लावून लिहायचो,
वाचायला कोण थांबतंय?

मालन बाजीराव कुंभार.
शाहूपुरी, कुंभार गल्ली, ओढ्याकडून तिसरं घर.
वॉर्ड बायकांना राखीव पडला,
बाजीरावाचं पोस्टर छापून तयार होतं,
फोटो तेवढा बदलला.
मी हिला आधीपासून ओळखतो,
धंदा एकच आमचा, ब्रशचा.
मी दुकानांच्या पाट्या, ती गणपतीचे डोळे.
बुबुळ एका दमात ओढायची,
श्वास धरून,
मागं पोर रडलं तरी मान वळायची नाही.

निवडीदिवशी हलगी, फेटे, जेसीबीच्या दातांतून गुलाल.
आणि त्याच दुपारी पक्षाच्या ऑफिसात
राजीनाम्यावर सही. तारीख कोरी.
तिनं विचारलं म्हणे,
"तारखेला एवढीशीच जागा का ठेवलीय?"
सगळे हसले.
मी असतो तर हसलो नसतो,
आमच्या धंद्यातला प्रश्न होता तो.

चार महिने.
गाडी गल्लीत शिरेना, ती नाक्यापर्यंत चालत जायची,
टाचांना शाडू.
केबिनमध्ये बाजीराव शेजारच्या खुर्चीत,
"मॅडमना मी सांगतो" म्हणत फायली चाळायचा.
नारळ फोडले, कोनशिला उघडल्या, तालमीच्या पोरांना गदा दिल्या.
सत्काराच्या शाली साठल्या,
त्या तिनं कच्च्या मूर्तींवर झाकल्या.

सभागृहात एकदाच बोलली.
"कपिलतीर्थ मंडईत बाया पहाटे चारला येतात,
वडणगे, पाचगाव, कुठनं कुठनं.
बायकांच्या संडासाला आतनं कडी न्हाई.
एक आत जाती, दुसरी दार धरून उभी ऱ्हाती.
तवर हिची पाटी कुणी बघायची?"
साहेब म्हणाले, कडीला लेखाशीर्ष नाही.
मग तिनं लोहाराकडून अकरा कड्या करून घेतल्या,
स्वतःच्या पैशानं.
बाजीराव दोन दिवस घरी जेवला नाही.

एका सोमवारी तारीख भरली गेली.
सही निळी, तारीख काळी.

मी शिडीवर होतो. ती जिना चढून आली,
गाडी नव्हती, शिपाई उठला नाही.
"पेंटर, वरच्या नावाएवढी अक्षरं काढा."
"जागा नाही, वहिनी."
"हाय. मी वितीनं मोजलीया."
"मग पुढच्यांचं?"
"पुढच्यांनी फळी आणावी."

काढलं. बोटभर उंच, सोनेरी.
श्वास धरून.
खाली उभी राहून तिनं बघितलं, म्हणाली,
"म च्या गाठीत रंग जास्ती झालाय."
झाला होता.

त्या कामाचं सहाशेचं बिल अजून अडकलंय,
शेरा आहे: आकार मंजूर नमुन्याप्रमाणे नाही.
पण पुढं निवडणुकाच झाल्या नाहीत,
प्रशासक आला, वर्षं गेली,
फळीवर शेवटचं नाव तिचंच राहिलं.
पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरतं तेव्हा
ती मूर्ती माळ्यावर चढवते,
शालींसकट.

परवा बायको मंडईतून आली,
गवारी महागली म्हणाली.
मी विचारलं, तिथल्या संडासाला आतून कडी आहे का गं?
पिशवी रिकामी करता करता थांबली,
माझ्याकडे बघत राहिली.
"असलं काय विचारता? दाराला कडी असतीयाच की."